पायाला मुंग्या, रात्रीची आग आणि रक्ताचा रिपोर्ट

शेवंती_नाशिक · ३ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

वय ६२, शाळेतून निवृत्त. टाइप टू डायबेटिसला यंदा बारा वर्षं होतील. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ एक-एक ग्रॅम, शिवाय पित्ताची गोळी रोज उपाशीपोटी. ती कधी सुरू झाली तेही आता आठवत नाही. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

गेल्या दिवाळीपासून दोन्ही पायांना मुंग्या येतात. आधी फक्त बोटांना यायच्या, आता घोट्यापर्यंत चढल्यात. रात्री तळपायांची आग होते, पांघरूण लागलेलंही सहन होत नाही. आणि हसू नका, पण फरशीवर चालताना पायाखाली बारीक वाळू आहे असं वाटतं. परवा तीनदा झाडू मारला. वाळू नव्हतीच.

मुलगा परदेशात असतो. त्यानं कुठेतरी वाचलं की रक्तात 'न्यूरोफिलामेंट लाइट चेन' नावाचं प्रथिन मोजलं की नसा किती खराब झाल्या ते आकड्यात कळतं. "आई, एवढी एक टेस्ट करून घे" म्हणून रोज फोन. इथल्या एका लॅबमध्ये विचारलं. काउंटरवरच्या मुलीनं ते नाव मला तीनदा म्हणायला लावलं आणि मग नसांच्या तपासण्यांचं म्हणून एक पॅकेज पुढे केलं. त्यात ही टेस्ट नाहीच.

तर माझा प्रश्न: शुगरमुळे नसा गेल्यात का, हे रक्तावरून कळतं का? माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४ आहे, म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. आमच्या ह्यांना पंधरा वर्षं शुगर आहे, ८.५ च्या खाली कधी येत नाही, पण त्यांच्या पायांना काही म्हणजे काही होत नाही. मग मलाच का?

ठोकळा · ३ जून, रात्री ९:३१

ताई, काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळा रात्री. आमची आजी चोळायची, वाटी काळी पडेपर्यंत. आग लगेच थांबते.

विंचूरकर · ३ जून, रात्री ९:५८

माझ्याही पोटरीवर हिरव्या नसा फुगल्यात. सोनोग्राफीवाला डॉप्लर कर म्हणाला. तो यातलाच प्रकार का?

पंतोजी · ३ जून, रात्री १०:२०

विंचूरकर, तुमच्या त्या शिरा. रक्त नेणाऱ्या. शेवंतीताई बोलताहेत ते संवेदना नेणाऱ्या तंतूंबद्दल. मराठीत आपण सगळ्यालाच 'नस' म्हणून मोकळे होतो. नस आखडली (तो स्नायू), नस चढली (तोही स्नायू), सुई लावायला नस सापडेना (ती शीर), मणक्यात नस दबली (हा मात्र खरा तंतू). जुन्या पुस्तकात ज्ञानतंतू, मग मज्जातंतू, आणि आता शाळेच्या पुस्तकात चेता. दवाखान्यात 'नसा कमजोर आहेत' म्हणतात तेव्हा नक्की काय कमजोर आहे, हे विचारून घेत जा.

हातोडी · ३ जून, रात्री ११:४५

मी मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी. इथे औषधं सांगणार नाही. पण प्रश्न चांगला विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'बोटांपासूनच का' ते बघा. पायाच्या अंगठ्याची संवेदना नेणाऱ्या पेशीचं घर कमरेत, मणक्याच्या शेजारी असतं आणि तिचा एकच धागा थेट अंगठ्यापर्यंत जातो. जवळजवळ मीटरभर. त्या धाग्याच्या आतला सांगाडा कमरेतल्या घरात तयार होतो आणि तिथून खाली सरकतो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे कमरेतून निघालेला माल अंगठ्याला पोचायला तीन वर्षं. पाइपलाइनच्या शेवटच्या घराला पाणी कमी दाबानं येतं, इथे तसंच. साखर, चरबी, बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास, यात सगळ्यात आधी टोक मरतं. म्हणून आधी बोटं, मग मोजा घातल्यासारखं वर. गुडघ्यापर्यंत आलं की हाताची बोटं सुरू होतात.

आता रक्ताचं. मधुमेहामुळे तुमच्या पायाच्या नसा गेल्यात असं एकट्याच्या जोरावर सांगणारी रक्ततपासणी आज रोजच्या वापरात नाही. मुलगा म्हणतो ते प्रथिन खरं आहे, त्यावर काम जोरात चालू आहे, पण ते दवाखान्यात वापरायचं हत्यार अजून झालेलं नाही. निदान पायावर होतं. माझ्या टेबलावर एक नायलॉनचा दोरा आहे, मासेमारीच्या गळाला असतो तसा. तळव्याला टेकवून जरा वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटचे डोळे मिटलेले. "लागलं की हो म्हणा." १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा, थरथर कधी थांबली ते विचारायचं. टाचेमागे हातोडी मारायची. टाचणी टोचून बघायची. दहा मिनिटं लागतात. टाइप टू असेल तर हे निदान झालं त्याच दिवशी आणि नंतर दरवर्षी व्हायला हवं, कारण टाइप टू सापडतो तेव्हा तो आत किती वर्षं बसलाय कोणाला माहीत नसतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मलाच का. कदाचित तुम्हालाच नाही. नसा गेलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच जाणवत नाही. मुंग्या आणि आग म्हणजे तंतू आजारी असले तरी बोलताहेत. गप्प पाय जास्त धोक्याचे. तुमच्या मिस्टरांना विचारा, चप्पल पायातून कधी न कळत निसटते का. मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारतो. एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल लिहून देण्याआधीचा माझा हा आवडता प्रश्न आहे.

लॅबवाली · ४ जून, सकाळी ७:०५

हातोडींशी सहमत, पण लॅबची बाजू मांडते. वीस वर्षं याच धंद्यात आहे.

रक्त 'नसा गेल्या का' हे सांगत नाही, पण 'साखर सोडून दुसरं काही खातंय का' हे छान सांगतं. शेवंतीताई, तुमच्या पोस्टची सुरुवात वाचून माझे कान टवकारले: मेटफॉर्मिन बारा वर्षं, पित्ताची गोळी, शाकाहार. तुमचं बी ट्वेल्व्ह कधी केलंय का?

मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी ट्वेल्व्ह शोषू देत नाही. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी कमतरता जास्त. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं की हा या गोळीचा सर्रास दिसणारा दुष्परिणाम आहे. पित्ताच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे अन्नातलं बी ट्वेल्व्ह सुटंच होत नाही. आणि शाकाहारी माणसाच्या पोटात मुळात जातं ते फक्त दुधा-दह्यातून. तुमच्या घरी तिन्ही दरवाजे बंद आहेत.

मुख्य गंमत अशी की बी ट्वेल्व्हच्या कमतरतेनं होणाऱ्या मुंग्या आणि शुगरच्या मुंग्या बाहेरून जवळजवळ जुळ्या बहिणी. 'शुगर आहे ना, मग होणारच' म्हणून वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही. हिमोग्लोबिन उत्तम असलं तरी नसा जाऊ शकतात, तेव्हा 'माझा सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) नॉर्मल आहे' यावर जाऊ नका. कोणी नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देत असेल तर आणखी वाईट, त्यानं रक्त सुधारतं आणि नसा आत सडत राहतात.

पुण्यात केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचं काम प्रसिद्ध केलं होतं, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांचं बी ट्वेल्व्ह कमी. मेटफॉर्मिनचा विषयच नाही, साधी माणसं. आपण मुळात रिकाम्या टाकीवर चालणारे लोक आहोत.

सौ_गोंधळ · ४ जून, सकाळी ७:४०

माझं बी ट्वेल्व्ह २४०. रिपोर्टवर ठळक नाही आलं म्हणजे नॉर्मल ना?

लॅबवाली · ४ जून, सकाळी ८:१५

२०० ते ३०० पिकोग्रॅम म्हणजे कुंपणावर. साध्या टेस्टमध्ये रक्तातलं सगळं बी ट्वेल्व्ह मोजलं जातं, त्यातलं बरंचसं पेशींना न मिळणाऱ्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड आणि होमोसिस्टीन बघतात. पेशींना बी ट्वेल्व्ह कमी पडलं की हे दोन्ही साचतात. पण त्यातही खाचाखोचा आहेत. किडनी कमजोर असली तरी दोन्ही वाढतात, आणि शुगरवाल्यांच्या किडन्या आपल्याला माहीत आहेत. फॉलेट कमी असलं तरी होमोसिस्टीन वाढतं.

आणि घरी येऊन रक्त नेणाऱ्यांबद्दल. होमोसिस्टीनसाठी घेतलेलं रक्त लगेच बर्फावर ठेवावं लागतं किंवा तासाभराच्या आत पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर ट्यूबमधल्या लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. पोरगा सकाळी सहाला रक्त घेतो, अजून अकरा घरं करतो, बॅग मोटारसायकलच्या टाकीवर, मे महिन्यातलं ऊन. दहा वाजता ट्यूब माझ्याकडे. आकडा वाढलेलाच येणार. माणूस घाबरतो, खरा दोष बॅगेचा असतो. ही टेस्ट लॅबमध्ये जाऊनच द्या.

अजून एक. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही मशीनवर बी ट्वेल्व्ह खोटं जास्त दिसतं. दोन-तीन दिवस आधी बंद करा, आणि निदान काउंटरवर सांगा तरी.

म्युनिकर · ४ जून, दुपारी २:३०

शेवंतीताईंच्या मुलासाठी लिहितो. मी इथे जर्मनीत प्रथिनं मोजण्याच्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे न्यूरोफिलामेंट हा जिव्हाळ्याचा विषय.

हातोडींनी सांगितलेला धाग्याच्या आतला सांगाडा, त्यातलाच एक वासा म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन. धागा तुटला की वासा बाहेर पडतो, आणि त्याचा अत्यल्प अंश रक्तात येतो. मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम. एक-एक रेणू मोजण्याइतकी बारीक यंत्रं आली तेव्हाच हे साध्या रक्तात दिसायला लागलं, त्याआधी पाठीतून पाणी काढावं लागायचं. मोटर न्यूरॉनच्या एका दुर्मिळ आनुवंशिक प्रकारावरच्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली, ती हा आकडा खाली आला याच आधारावर. म्हणजे प्रथिन बोगस नाही.

मग शुगरच्या पायांना का चालत नाही? पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोमची) साथ आली होती, आठवतेय? त्या आजारात धागे काही दिवसांत तुटू शकतात. जुन्या वाड्याची भिंत एका रात्रीत पडली तर गल्लीत ढिगारा दिसतो. अशा वेळी हा आकडा टणकन वर जातो. मधुमेहात तीच भिंत दर पावसाळ्यात मूठ-मूठ माती सोडते. पंधरा वर्षांनी भिंत अर्धी झालेली असते, पण कुठल्याही एका दिवशी गल्लीत बघा, ढीग नाही.

दुसरं, माती कुठल्या भिंतीची ते कळत नाही. मेंदूला लहानसा झटका येऊन गेला, डोक्याला मार लागला, स्मृतिभ्रंश सुरू होतोय, सगळ्यात हेच प्रथिन वाढतं. वयानंही वाढतं. किडनी मंदावली की रक्तात साचतं. आणि जाड माणसात, रक्ताचं आकारमान जास्त म्हणून, पातळ होऊन कमी दिसतं. आता टाइप टू डायबेटिसचा साठीतला माणूस डोळ्यासमोर आणा: वय आहे, किडनी थोडी कमी, वजन जास्त. तीन बाजूंनी काटा ओढला जातोय. आलेल्या आकड्याचं करायचं काय?

अभ्यासात शेकडो लोकांची सरासरी काढली की नसा गेलेल्यांचा गट वर दिसतो, ते खरंच आहे. पण दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एका शेवंतीताईंना कुठे उभं करायचं ते कळत नाही.

दाहाचे मार्करही असेच. इथल्या आउग्सबुर्गमध्ये कोरा नावाचा लोकसंख्येचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात इंटरल्यूकिन सिक्ससारखी दाहाची प्रथिनं आणि पुढे होणारा नसांचा त्रास यांचा संबंध दिसलाय. आजार कसा होतो हे समजायला सोन्यासारखी माहिती. पण तुमची हिरडी सुजली तरी इंटरल्यूकिन सिक्स वाढतं.

खडूस_आजोबा · ४ जून, संध्याकाळी ६:१०

म्हणजे तात्पर्य काय, कोट्यवधी खर्चून संशोधन आणि शेवटी गळाचा दोरा?

म्युनिकर · ४ जून, संध्याकाळी ६:५२

आजोबा, दोऱ्यानं कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दोरा आणि फोर्क जाड तंतूंचं सांगतात. आग, टोचणं, गरम-गार हे बारीक तंतू सांभाळतात, आणि ते बहुधा आधी जातात. त्यांच्यासाठी घोट्याजवळच्या कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजावे लागतात, किंवा डोळ्याच्या बुबुळावरच्या पडद्यातले तंतू खास कॅमेऱ्यानं बघायचे. शिवाय नवं औषध चालतंय का हे बघायला कंपन्यांना तीन-चार वर्षं थांबावं लागतं. रक्तात विश्वासू आकडा मिळाला तर हे दिवस वाचतील. शोध त्यासाठी आहे, ताईंच्या एका टेस्टसाठी नाही.

हातोडी · ४ जून, रात्री १०:३०

बारीक तंतूंचं बरोबर. म्हणूनच 'नर्व्ह कंडक्शन नॉर्मल आली, तुम्हाला काही नाही' हे वाक्य आग होणाऱ्या पेशंटला कोणी म्हणू नये. विजेचा हलका झटका देऊन नसेचा वेग मोजणारी ती टेस्ट जाड तंतूंचीच आहे.

रक्तातून मी स्वतः काय मागवतो: बी ट्वेल्व्ह, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनीन आणि साठीच्या पुढे प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. हे शेवटचं ऐकून लोक चकित होतात. अस्थिमज्जेतल्या पेशींचा एखादा गट एकाच साच्याचं प्रथिन भरमसाट बनवत असेल तर त्यानंही नसा जातात. क्वचित सापडतं, पण सापडलं की अख्खा उपचार बदलतो.

आणि महाराष्ट्रात बसून लिहितोय म्हणून: एकाच पायाला बधिरपणा, कातडीवर फिका चट्टा, कोपराची नस दोरीसारखी जाड हाताला लागते, तर कृपया शुगरवर ढकलू नका. कुष्ठरोग संपलेला नाही. मागच्या वर्षी एक शिक्षक आले होते, तीन वर्षं 'शुगरच्या नसा' म्हणून गोळ्या खात होते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

कोकणी_मेवा · ५ जून, सकाळी ११:२०

माझा उलटा किस्सा. एचबीएवनसी १२.४ होतं. घाबरून इन्सुलिन, भात बंद, दोन वेळा चालणं. अडीच महिन्यांत ७.१. सगळे शाबासकी देतायत आणि माझ्या पायांची अशी आग की रात्री टाइल्सवर पाय ठेवून बसायचो, बादलीत बर्फ. शुगर एवढी वाईट होती तेव्हा काहीच नव्हतं! डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या इन्सुलिननं पाय जाळले.

हातोडी · ५ जून, दुपारी १:०५

हे खरं असतं, आणि जुनं आहे. १९३३ पासून नोंद आहे, तेव्हा 'इन्सुलिन न्यूरायटिस' म्हणायचे. दोष इन्सुलिनचा नाही, वेगाचा आहे. तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन अंकांपेक्षा जास्त खाली आलं की काहींना असं होतं, गोळ्यांनी किंवा नुसत्या उपासानंही. बहुतेकांचं महिन्यांच्या हिशोबात निवतं. औषध सोडून पुन्हा १२ वर जायचं नाही. डोळ्याचा पडदा मात्र त्याच सुमारास तपासून घ्या, तोही या काळात बिघडू शकतो.

बाय द वे, टाइप वनमध्ये साखर कडक ठेवल्यानं नसांचा त्रास ६० टक्क्यांनी कमी झाला, हे १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात दिसलं. टाइप टूमध्ये तेवढा फायदा दिसत नाही. तिथे वजन, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), तंबाखू यांचाही हात असतो. त्यामुळे ७.४ वाल्या ताईंना त्रास आणि ८.५ वाल्यांना नाही, यात नवल काही नाही. अर्थात त्यांना नाही हे आपण अजून धरून चाललोय.

अनवाणी · ५ जून, रात्री ९:००

काशाच्या वाटीवर कोणी बोललं नाही म्हणून. मी वापरते, बरं वाटतं. फक्त तूप नीट पुसून मगच उठा, पायाला जाणीव कमी आणि फरशी गुळगुळीत, घसरून खुबा मोडायचा. आणि वाटी गरम करून लावायची नाही.

माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी वैशाखात एका देवळात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या, अकरा. सगळ्या बायका टुणटुण उड्या मारत सावलीत पळत होत्या, मी शांतपणे चालले. मला वाटलं माझी श्रद्धा. घरी आल्यावर सून म्हणाली आई, फरशीवर हे ओलं कसलं? दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड, एक फुटलेला. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. भरायला चार महिने लागले. तेव्हापासून रोज रात्री स्टीलचं ताट जमिनीवर ठेवून त्यात तळवे बघते.

सौ_गोंधळ · ६ जून, सकाळी ८:२२

मी नसांसाठी म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल घेते, वर मल्टिव्हिटॅमिन. जास्त झालं तर लघवीतून निघून जातं ना?

लॅबवाली · ६ जून, सकाळी ९:१०

बी ट्वेल्व्ह जातं. बी सिक्सचं मात्र सगळं जास्तीचं निघून जाईल या भरवशावर राहू नका! पाकिटामागे पायरिडॉक्सिन शोधा आणि तिन्हींची बेरीज करा. बी सिक्स दीर्घकाळ जास्त झालं तर त्यानंच नसा जातात, लक्षणंही तीच, मुंग्या आणि बधिरपणा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये मोठ्यांसाठी रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडच्या कित्येक कॅप्सूलमध्ये एकाच गोळीत तेवढं किंवा जास्त असतं. बेरीज घेऊन डॉक्टरांकडे जा.

सौ_गोंधळ · ६ जून, सकाळी ९:४८

बेरीज ५३ आली. 😳 निघालेच.

शेवंती_नाशिक · १४ जून, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. बी ट्वेल्व्ह १५८. थायरॉइड आणि क्रिएटिनीन ठीक. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये काही नाही. डॉक्टरांनी दोरा, फोर्क, टाचणी सगळं केलं. दोऱ्याचे दहापैकी सात ओळखले. फोर्क अंगठ्यावर मला फार लवकर थांबला, मनगटावर मात्र कितीतरी वेळ थरथरत होता. तेव्हाच पहिल्यांदा फरक कळला. म्हणाले, दोन्ही असणार, शुगरही आणि बी ट्वेल्व्हही, पण दुसरं भरून काढता येतं तर आधी ते भरू.

लाल इंजेक्शनं सुरू झालीत. इतकं लाल औषध मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, कुंकवाच्या पाण्यासारखं. कंपाउंडर उजेड लागू नये म्हणून शेवटपर्यंत खोक्यातून काढत नाही. पुढे रोज गोळी. पित्ताची गोळी हळूहळू बंद करायची आहे. मेटफॉर्मिन चालूच.

मुलाला म्युनिकरांची पोस्ट वाचून दाखवली. वाड्याच्या भिंतीवर गप्प झाला.

लॅबवाली · १४ जून, रात्री ८:०२

छान. दोन सूचना. आता लगेच बी ट्वेल्व्ह पुन्हा करू नका, सुईनंतर आकडा हजाराच्या वर दिसणारच, त्याचा नसा सुधारण्याशी संबंध नाही. आणि पुढच्या एचबीएवनसीवर खूश होऊ नका. बी ट्वेल्व्ह भरलं की ताज्या लाल पेशी तयार होतात, त्यांना साखर चिकटायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून आकडा थोडे दिवस खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. घरच्या ग्लुकोमीटरशी ताडून बघा.

खडूस_आजोबा · १५ जून, सकाळी ६:३०

नवऱ्याचे पाय दाखवले का?

शेवंती_नाशिक · १५ जून, सकाळी ९:१५

येत नाहीत हो. "मला काय झालंय?"

शेवंती_नाशिक · २२ सप्टेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढते. कोणीतरी शोधत येईल म्हणून.

माझं: आग बरीच कमी. पांघरूण घेऊन झोपते. मुंग्या घोट्यावरून बोटांपर्यंत उतरल्यात, पण गेल्या नाहीत. वाळू अजून आहे. डॉक्टर म्हणाले काही महिने आणखी बघू, सगळं परत येईलच असं नाही.

ह्यांचं: गेल्या रविवारी ज्येष्ठ नागरिकांच्या संघात शिबिर होतं, फुकट होतं म्हणून आले. बायोथेसिओमीटर नावाचं यंत्र होतं, अंगठ्याला पेनासारखं टोक लावतात आणि थरथर वाढवत नेतात. कळलं की सांगायचं. २५ व्होल्टच्या पुढे गेलं की जखमेचा धोका जास्त, असं ती मुलगी समजावत होती. मला २१ ला कळलं. ह्यांच्या वेळी ती काटा वाढवत गेली, वाढवत गेली. मला बाजूला उभं राहून टेबल हललेलं कळत होतं. उजवा ३८, डावा ४१. ह्यांनी मशीन बिघडलंय असं तिला दोनदा सांगितलं.

घरी येताना भाजी घ्यायला थांबलो. मी कोथिंबिरीचे पैसे देत होते. मागून एक पोरगा धावत आला, हातात एक चप्पल. "आजोबा, तिकडे सिग्नलला पडली तुमची." हे खाली बघायला लागले. एक पाय अनवाणी, आणि रस्ता पावसानं ओला.

हातोडी · २२ सप्टेंबर, रात्री १०:४०

उद्याच घेऊन जा. तळव्यांचा फोटो काढून ठेवा आधी.